स्वभावाला औषध

आपल्या भाषेला या माणसासाठी शब्द कधी कमी पडले नाहीत. वेंधळा, धांदरट, विसरभोळा, आरंभशूर, धरसोड करणारा. पायाला भिंगरी लागलेला. एका जागी बूड न टेकणारा. बायकांसाठी त्यात आणखी भर: हिच्या हाताला वळण नाही, हिचे दूध रोज उतू जाते, हिचे ध्यान कुठे असते कोण जाणे. आमच्या इंदुरात शेजारपाजारची हिंदी मदतीला येते आणि 'भुलक्कड' हा शब्द मराठी घरांतही सर्रास ऐकू येतो. हे सगळे शब्द स्वभावाचे आहेत. आणि स्वभावाला औषध नाही, हे तर आपण बाराखडीबरोबरच शिकलेले असतो.

मी वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी असे औषध सुरू केले. त्याला आता दीड वर्ष होते आहे. या मालेत सहसा संतवाङ्मय, नाटक, संस्थानी इतिहास असे विषय येतात, आणि मी स्वतः महाविद्यालयात इतिहास शिकवते, त्यामुळे माझ्याकडूनही तसेच काही अपेक्षित होते. पण आपल्यासारख्या जुन्या, एकमेकांना तीन पिढ्या ओळखणाऱ्या घरांतून ज्या गोष्टी दार लावून बोलल्या जातात, त्यांत मेंदूवरच्या औषधांचा क्रम बराच वरचा आहे. म्हणून हा विषय घेतला. आधीच सांगून ठेवते, हे वाचून कोणी गोळी सुरू करू नये आणि चालू असलेली बंदही करू नये. एका माणसाच्या शरीरात काय झाले आणि त्यामागचे शास्त्र काय, एवढेच इथे मिळेल.

या स्थितीचे इंग्रजी नाव अटेन्शन डेफिसिट हायपरअॅक्टिव्हिटी डिसऑर्डर, म्हणजे एडीएचडी. मराठीत 'अवधानन्यूनता व अतिचंचलता' असे जड भाषांतर होते, ते बोलताना कोणी वापरत नाही. मला या नावाबद्दल तक्रार आहे. 'न्यूनता' म्हटले की वाटते, या माणसाकडे लक्ष नावाची वस्तूच कमी आहे. माझी हकीकत उलटी. होळकरशाहीतल्या मोडी कागदांचा एक रुमाल माझ्यापुढे सोडला, तर मी सकाळी नऊला बसते आणि दिवेलागण झाल्यावर कोणीतरी हाक मारली की उठते. मधे पाणीसुद्धा पीत नाही. त्याच आठवड्यात विजेच्या बिलाचा कागद तीन वेळा हातात घेऊन तीन वेळा खाली ठेवलेला असतो. लक्ष आहे, भरपूर आहे, पण त्याची किल्ली माझ्या हातात नाही. नवे, अवघड, आवडते किंवा अगदी गळ्याशी आलेले काम असले की ते आपोआप लागते. महत्त्वाचे पण नीरस काम असले की कितीही निश्चय करा, लागत नाही. डॉक्टरांच्या भाषेत हा अवधानाच्या नियमनाचा प्रश्न आहे. बाहेरून बघणाऱ्याला मात्र तो आळस दिसतो, कारण आवडीचे काम करताना त्याने आपल्याला पाहिलेले असते. "मनात आणलेस तर करतेस की!" हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा ऐकले असेल, त्याची मोजदाद नाही.

निदान मुलामुळे झाले, आणि हे फार जणांचे होते. मुलगा सहावीत, शाळेतून सारखी चिठ्ठी. मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी मुलाची माहिती घेता घेता विचारले, "घरात आणखी कोणी असे आहे?" माझ्या नवऱ्याने काही उत्तर दिले नाही, नुसते माझ्याकडे पाहिले. जुळ्यांच्या अभ्यासांवरून या स्थितीत आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ७० ते ८० टक्के धरला जातो. याचा अर्थ अशा आईबापांच्या शंभरातल्या सत्तर मुलांना ती होते असा नाही. लोकसंख्येत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला एवढा भाग जनुकांच्या फरकातून येतो, असा आहे. मुलांमध्ये हे प्रमाण साधारण शंभरात पाच, प्रौढांमध्ये चाळिसांत एक. म्हणजे आपल्या सभागृहात दोनशे खुर्च्या भरल्या, तर पाचेक जण असे असतील. आणि ते बहुधा उशिरा येऊन मागे उभे असतील.

मुलींचे निदान विशेषतः मागे पडते. मुलगा बाकावरून उड्या मारतो, म्हणून तो दिसतो. मुलगी खिडकीबाहेर बघत शांत बसते, म्हणून ती 'गुणी पण जरा तंद्रीत असणारी' ठरते. पुढे संसार, नोकरी, स्वयंपाक, सणवार, आणि हे सगळे डोक्यात ठेवण्याची अपेक्षा तिच्याकडूनच. माझ्यासारख्या बायका मग शंभर युक्त्या काढतात. उंबऱ्यावर पिशवी ठेवायची, म्हणजे अडखळून तरी आठवेल. तळहातावर लिहायचे. दिवसा न झालेले काम रात्री एकपर्यंत बसून उरकायचे. वरून सगळे नीट चाललेले दिसते, पण त्याची किंमत झोपेतून आणि चिडचिडीतून वसूल होते.

प्रौढाचे निदान रक्त तपासून किंवा डोक्याचे चित्र काढून होत नाही, चौकशीने होते, आणि ती बारकाईने व्हावी लागते. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०१३ सालच्या पाचव्या नियमावलीत अवधानाची ९ आणि चंचलता-उतावळेपणाची ९ अशी १८ लक्षणे आहेत. मुलांना एका गटातली किमान ६ लागतात, १७ वर्षांपुढे ५. त्यांतली काही तरी वयाच्या १२ वर्षांच्या आत दिसलेली असली पाहिजेत, एकाहून अधिक ठिकाणी दिसली पाहिजेत, आणि त्यांनी जगण्यात खरी अडचण केलेली असली पाहिजे. बाराव्या वर्षाची अट कळीची आहे. चाळिशीनंतर लक्ष उडू लागले, तर कारण थायरॉइड असू शकते, रक्तक्षय, झोपेत श्वास अडकणे, नैराश्य, चिंता किंवा पाळी जाण्याचा काळ असू शकते. माझे थायरॉइड आणि हिमोग्लोबिन पाहिले, झोपेची चौकशी झाली. मग डॉक्टरांनी शाळेची प्रगतिपुस्तके मागितली. इतिहासाच्या माणसाला याहून आवडती मागणी कोणती? देवासला आईच्या ट्रंकेत ती सापडली. तिसरी ते सातवी, चार वेगवेगळ्या शिक्षकांचे हस्ताक्षर, आणि शेरा जवळजवळ एकच: हुशार आहे, पण लक्ष देत नाही. आईला फोनवर अर्धा तास प्रश्न विचारले गेले. तिने सगळ्यांची खरी उत्तरे दिली आणि शेवटी डॉक्टरांना विचारले, "पण यात रोग कुठला?"

आईचा प्रश्न सोपा नाही, आणि त्याला दोनशे वर्षांचा इतिहास आहे. अलेक्झांडर क्राइटन या स्कॉटिश वैद्याने १७९८ सालच्या आपल्या ग्रंथात अवधानावर स्वतंत्र प्रकरण लिहून, कशावरही मन न ठरण्याच्या जन्मजात प्रकृतीची नोंद केली. पुढे १९०२ साली जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये तीन व्याख्याने दिली आणि ती 'लॅन्सेट'मध्ये छापली गेली. आजही या विषयाचा इतिहास तिथून सुरू करतात. (व्याख्यानमाला छापून ठेवाव्यात त्या यासाठी.) स्टिलने वर्णिलेली मुले बुद्धीने ठीक, पण आवर नसलेली. त्याने त्याला नाव दिले नैतिक नियंत्रणातील दोष. मला हे वाचताना गंमत वाटली. मनाला उपदेश करणारे श्लोक पाठ करत वाढलेल्या आमच्या पिढीलाही हेच सांगितलेले होते: मन आवरत नाही, म्हणजे माणूस कमी पडतो. लंडनचा डॉक्टर आणि देवासचे मास्तर एकाच ठिकाणी बोट ठेवत होते. फरक एवढा की स्टिलला यामागे शरीरातले काही कारण असावे असा संशय होता.

औषधाचा शोध मात्र आडवाटेने लागला. अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यात ईस्ट प्रॉव्हिडन्स गावी मुलांच्या मानसिक आजारांचे एक रुग्णालय होते. तिथल्या चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरांच्या मुलांना मेंदूच्या क्ष-किरण तपासणीसाठी पाठीच्या कण्यातून पाणी काढल्यावर असह्य डोकेदुखी होई. ती थांबावी म्हणून त्यांनी बेंझेड्रिन हे अॅम्फेटामिन जातीचे औषध देऊन पाहिले. डोकी फारशी थांबली नाहीत. पण शिक्षिका सांगू लागल्या की काही मुले एकाएकी अभ्यासाला लागली आहेत. १९३७ साली ब्रॅडलींनी ३० मुलांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. जवळपास निम्म्या मुलांत ठळक फरक होता. मुलांनी त्या गोळ्यांचे नाव ठेवले होते, गणिताच्या गोळ्या.

मी जी गोळी घेते, ती त्याच्या नात्यातली पण वेगळी. मेथिलफेनिडेट हे तिचे नाव. स्वित्झर्लंडमध्ये बाझेल इथल्या सीबा कंपनीत लिआंद्रो पानिझोन या रसायनतज्ज्ञाने १९४४ साली ते तयार केले. त्याच्या पत्नीचा रक्तदाब कमी असे आणि टेनिस खेळण्याआधी ती हे औषध घेई. तिचे नाव मार्गरीट, घरात रीटा; त्यावरून औषधाचे नाव पडले रिटालिन. प्रौढांकडे वैद्यकाचे लक्ष वळायला आणखी तीस वर्षे गेली. पोरवयातली ही गोष्ट मिसरूड फुटताच संपते, असाच समज होता. १९७०च्या दशकात यूटामध्ये पॉल वेंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या माणसांत ती शोधली आणि त्यांना औषध देऊन पाहिले. नावही बदलत गेले. १९६८च्या नियमावलीत ती बालपणाची अतिचंचल प्रतिक्रिया होती, १९८०मध्ये अवधानाला अग्रस्थान मिळाले, आणि आजचे नाव १९८७चे.

आता उत्तेजक औषध चंचल माणसाला शांत कसे करते, हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला आहे. मेंदूच्या पेशी एकमेकींना निरोप देतात ते रसायनांच्या साहाय्याने. निरोप देऊन झाला की ते रसायन उचलून परत नेणारे हमाल पेशीवर बसलेले असतात. मेथिलफेनिडेट डोपामिन आणि नॉरअॅड्रेनालिन या दोन रसायनांच्या हमालांची वाट अडवते. त्यामुळे ती रसायने दोन पेशींच्या मधल्या फटीत थोडा वेळ जास्त रेंगाळतात. कपाळामागचा जो भाग 'हे आधी, ते नंतर, आणि ते अजिबात नको' असे ठरवतो, त्याचा आवाज त्यामुळे जरा मोठा होतो. गोळी ढकलते ती या कारभाऱ्याला. कारभारी जागा झाला की वाडा आपोआप शांत होतो.

इथे एक मोठा गैरसमज आहे. "मला गोळीने फरक पडला, म्हणजे मला एडीएचडी आहेच," असे पुष्कळ जण धरून चालतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत ज्युडिथ रॅपोपोर्ट यांनी १९७८ साली निरोगी मुलांना एकच मात्रा देऊन पाहिली. त्यांचेही लक्ष सुधारले आणि हालचाल कमी झाली. तेव्हा औषधाने निदान सिद्ध होत नाही. निदान आधी, औषध नंतर, हा क्रम त्यासाठीच.

औषधाआधी माझा रक्तदाब व नाडी घेतली, हृदयाचा आलेख काढला, घरात कोणाला तरुणपणी हृदयविकार होता का विचारले. काचबिंदू, अनावर रक्तदाब, नाडीची अनियमितता, वाढलेले थायरॉइड, पूर्वी कधी भ्रम झालेले असणे, यांपैकी काही असते तर गोष्ट तिथेच थांबली असती किंवा वेगळ्या वाटेने गेली असती. उत्तेजक नसलेले अॅटोमॉक्सेटिनही असते. ते लागू पडायला काही आठवडे घेते.

मग दुकान. आपल्याकडे मेथिलफेनिडेट हे औषध नियमांच्या 'एक्स' परिशिष्टात आहे, शिवाय १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्याखालीही येते. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदार दोन वर्षे जपून ठेवतो, गोळ्या कुलपात असतात, आणि ते विकायला वेगळा परवाना लागतो. तो फार थोड्यांकडे असतो. पहिल्या दिवशी नवरा आणि मी चार दुकाने फिरलो. एका दुकानदाराने चिठ्ठी वाचली, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले आणि विचारले, "पेशंट कौन है?" मी म्हटले, मीच. हा नियमांचा जाच मला मान्य आहे. पण विसरभोळ्या माणसाचे औषध मिळवायला सगळ्यात जास्त कागद सांभाळावे लागावेत, यात जी थट्टा आहे तीही नोंदवून ठेवते.

पहिली गोळी पाच मिलिग्रॅमची, रविवारी सकाळी पोह्यांनंतर घेतली. काहीतरी झणाणून होईल अशी माझी कल्पना होती, आणि पाऊण तास झाला तरी काही झाले नाही. आमच्या गल्लीत पूर्वी पिठाची चक्की होती. दिवसभर तिची घरघर चाले आणि ती कोणाला ऐकूही येत नसे. दुपारी वीज गेली की मात्र एकदम कळायचे, इतका वेळ काहीतरी चालू होते. तसे झाले. चक्की थांबली. मी साठ उत्तरपत्रिकांचे गुण पत्रकात भरायला बसले होते. वीस झाल्यावर चहा ठेवायला उठले, चहा केला, आणि परत येऊन एकविसावी उघडली. वाचकहो, तुम्हाला यात काहीच विशेष वाटणार नाही. मला ते परत येणे विशेष वाटले. एरवी त्या चहाच्या वाटेवर मला वर्तमानपत्र, सुकत टाकलेले कपडे आणि कपाटातले जुने पत्र भेटले असते, आणि एकविसावी उत्तरपत्रिका रात्री अकराला उघडली असती.

त्या गोळीचा अंमल तीन-चार तासांचा. ती उतरताना जे होते ते कोणी आधी सांगितले तर बरे. दुपारी एकच्या सुमारास मन एकदम आंबले. कुकरच्या शिटीनेही रडू येईल असे वाटले. अर्ध्या-पाऊण तासाने ते ओसरले. डॉक्टरांनी नंतर सांगितले की हा उतार पुष्कळांना जाणवतो आणि मात्रा व वेळ बदलून तो कमी करता येतो. भूक मेली. जेवणाचे ताट समोर आले की एकादशी नसताना उपास घडे, आणि रात्री नऊला चिवड्याचा डबा रिकामा होई. मग औषधाआधी भरपूर न्याहारी करायची, असा नियम केला. तोंड कोरडे पडे. संध्याकाळी पाचनंतर गोळी घेतली तर झोप गेलीच. दुपारचा चहा सोडला, कारण चहा आणि गोळी मिळून छाती धडधडे. इंदुरात राहून दुपारचा चहा सोडणे किती कठीण, ते इथल्यांनाच कळेल.

मात्रा वजनावर ठरत नाही. ऐंशी किलोच्या माणसाला दहा पुरतात आणि पन्नास किलोच्याला तीस लागतात, असे होते. म्हणून थोडे देऊन बघायचे, आठवड्याने वाढवायचे, आणि कुठे थांबायचे ते माणसाच्या सांगण्यावरून, नाडी-रक्तदाबावरून ठरवायचे. मी रोज रात्री तीन ओळी लिहीत असे: काय झाले, काय राहिले, नाडी किती. चौथ्या आठवड्यात आम्ही पंधरा मिलिग्रॅम दोन वेळा इथवर गेलो. काम झपाट्याने होऊ लागले. पण वर्गात शिकवताना मी सरळ रेषेत बोलते आहे, असे माझे मलाच ऐकू आले. एरवी अहिल्याबाईंवरून महेश्वरच्या विणकरांवर, तिथून कापसाच्या भावावर असा जो फेरफटका होतो आणि मुले ज्यासाठी येतात, तो बंद पडला. नवरा म्हणाला, "तू हसत नाहीयेस." नाडी शंभरावर गेली होती. मात्रा उतरवली. अशा सपाटपणाला औषधाची किंमत समजून सोसायचे कारण नाही. तो बहुधा मात्रा जास्त झाल्याची खूण असतो.

आता मी दीर्घकाळ अंमलाची एकच गोळी घेते. तिची बनावट पाहण्यासारखी आहे. बाहेरच्या थरातले थोडे औषध लगेच विरघळते. आतल्या कवचाला बारीक भोक असते. पोटातले पाणी कवचातून आत झिरपते, एक थर फुगतो आणि औषध त्या भोकातून हळूहळू बाहेर ढकलले जाते, दहा-बारा तास. गोळी चावली किंवा फोडली तर सगळी करामत वाया जाते. दुपारचा तो उतार त्याने जवळजवळ गेला.

सासूबाईंची भीती होती सवयीची. ती भीती बिनबुडाची आहे असे मी त्यांना कधी म्हटले नाही, कारण तशी ती नाही. याच जातीची औषधे नशेसाठी वापरली गेली आहेत. फरक वेगाचा आहे. डोपामिन काही सेकंदांत उसळले तर नशा होते. तोंडाने घेतलेली ठरलेली मात्रा मेंदूत तासाभराहून अधिक वेळाने शिखर गाठते, आणि तो चढ इतका हळू असतो की जाणवत नाही. पण कुटून ओढली, मात्रा चढवत नेली, परीक्षेच्या रात्री मैत्रिणीची गोळी घेतली, तर हिशेब बदलतो. म्हणून घरात गोळ्यांचा डबा सासूबाईंच्या कपाटात असतो, देवघराच्या किल्लीबरोबर. त्या दर सोमवारी मोजतात. ही कल्पना त्यांची, आणि मला ती आवडली. गोळी राहिली की विचारणारे कोणीतरी आहे, आणि त्यांना हिशेब चोख दिसतो.

फायद्याचे आकडे काय सांगतात? २०१८ साली 'लॅन्सेट सायकायट्री'त १३३ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. या औषधांनी लक्षणे कमी होतात, प्रौढांतही होतात. पण भक्कम पुरावा साधारण १२ आठवड्यांपर्यंतचा आहे. अमेरिकेतल्या २३ लाख रुग्णांच्या नोंदींवरून २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. औषध चालू असलेल्या महिन्यांत त्याच माणसांच्या वाहन अपघातांचा धोका पुरुषांत ३८ टक्के आणि स्त्रियांत ४२ टक्के कमी होता. पलासियाच्या चौकातून स्कूटर घालणाऱ्या बाईला हा आकडा भावतो. दुसऱ्या बाजूला, स्वीडनमधल्या मोठ्या पाहणीत वर्षानुवर्षे औषध घेणाऱ्यांत उच्च रक्तदाब आणि धमन्यांचे विकार काहीसे अधिक आढळले. म्हणून दर तीन महिन्यांनी माझा रक्तदाब वहीत लिहिला जातो, आणि वही नवऱ्याकडे असते.

औषध काय करत नाही तेही सांगायला हवे. ते तोंड वळवून देत नाही. गोळी लागू पडते त्या क्षणी समोर जे असेल, त्यातच माणूस रुततो. एका सकाळी मी मसाल्याचे सगळे डबे काढून, धुऊन, चिठ्ठ्या लावून, अकारविल्हे मांडले, चार तास, अप्रतिम. प्रबंध तपासायचा होता तो तसाच. आता आदल्या रात्री दुसऱ्या दिवशीचे पहिले काम कागदावर लिहून तो कागद पाण्याच्या तांब्याखाली ठेवते. घड्याळाचे गजर, भिंतीवरची फळी, बिलांसाठी एक ठरलेला वार, हे सगळे औषधाआधीही मी दहा वेळा करून पाहिले होते. तेव्हा ते पंधरा दिवसांत ढासळे. आता टिकते. डॉक्टर म्हणतात ते खरे, गोळीने जागा मिळते, घर आपल्यालाच बांधावे लागते.

दुसऱ्या महिन्यात एक गोष्ट आली, तिची तयारी कोणीच करून दिली नव्हती. काम सुरळीत होऊ लागले आणि मला भयंकर दुःख झाले. इतकेच होते तर! इतर लोक रोज असेच उठून परत येत होते? मग विशी, तिशी, अर्धवट राहिलेला शोधनिबंध, रात्रीचे रडणे, हे सगळे कशासाठी? यावर गोळी नाही. काही महिने मी समुपदेशकाकडे जात होते आणि त्याचा उपयोग झाला.

त्याच दिवसांत अण्णांची फार आठवण येई. माझ्या वडिलांनी सात नोकऱ्या केल्या, दोन धंदे काढले, सतार अर्धी शिकले, ज्योतिष अर्धे शिकले, आणि रात्री दोनला उठून मुलांना ताऱ्यांची नावे सांगितली. नातेवाईक त्यांना आरंभशूर म्हणत, ते हसून घेत. आईने मला विचारले, "म्हणजे त्यांनाही हेच होते का गं?" मेलेल्या माणसाचे निदान करू नये, हे माझ्या धंद्यातही पथ्य आहे आणि डॉक्टरांच्याही. मी सांगितले, ते आता कसे कळणार. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मी त्यांना फार बोलले."

घरातली कामाची वाटणी वीस वर्षे एका ठरावाने चाललेली होती: तारखा, बिले, पाहुण्यांची बोलावणी नवऱ्याकडे. मी सावरू लागल्यावर तो सुखावेल असे वाटले होते. तो सुखावला, आणि थोडा गोंधळलाही. "आता मी काय आठवण करून द्यायची?" असे एकदा म्हणाला, अर्धे थट्टेत. दोन्ही बाजूंनी शिकायला वेळ लागला. ज्यांच्या घरात हे नव्याने होईल, त्यांनी जोडीदारालाही एकदा डॉक्टरांसमोर बसवावे. तो जे पाहतो ते औषध घेणाऱ्याला दिसत नाही.

मुलाचे वेगळे चालले आहे. त्याची मात्रा वेगळी, वजन आणि उंची दर सहा महिन्यांनी मोजली जाते, कारण वाढत्या वयात या औषधांनी उंचीची गती थोडी मंदावू शकते. शाळेने त्याला पुढच्या बाकावर जागा दिली आहे आणि परीक्षेत थोडा जास्त वेळ. आम्ही दोघे सकाळी एकाच वेळी गोळ्या घेतो. सासूबाई दोन वाट्यांत काढून ठेवतात.

रविवारी मात्र मी गोळी घेत नाही. काही डॉक्टर सुट्टी देतात, काही देत नाहीत. माझ्या डॉक्टरांनी ते माझ्यावर सोडले. रविवार माझा मोडीचा. रुमाल सोडायला आणि त्यात बुडून जायला मला औषध कधीच लागले नव्हते. फक्त आता दुपारी दीडला मुलगा येऊन कागदावर आडवा हात ठेवतो आणि म्हणतो, "आई, जेवायला चल," आणि मी चिमट्याने पान जागेवर ठेवून उठते. हल्ली त्यालाही मोडीतला 'श्री' ओळखता येऊ लागला आहे. पुढचे अक्षर विचारायच्या आत तो पळतो.